सशांचा कुत्रा

एका जंगलात एक ससा राहत असे, आणि तो राहत असे त्याहून जास्त मिरवत असे. बालमित्रांनो, पौर्णिमेच्या चंद्रावर एक ससा दिसतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या सशाचे म्हणणे असे, की तो चंद्रावरचा ससा म्हणजे त्याच्या सख्ख्या पणजोबांचे पणजोबा. त्यामुळे रोज उगवणाऱ्या चंद्राकडे तो घरच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहावे तसा पाहायचा. कोणी नवा प्राणी भेटला की नाव-गाव विचारण्याआधी हा विचारायचा, "आपलं घराणं कुठलं?" मुंगळ्याला विचारले, कासवाला विचारले. एकदा पालापाचोळ्यात पडलेल्या फणसाला साळिंदर समजून त्यालाही विचारले. सशीण मात्र साधी होती. चार पिल्ले सांभाळता सांभाळता तिचा जीव मेटाकुटीला येई, त्यामुळे चंद्राकडे बघायला तिला सवड नव्हती.

अशात एक कोल्हा त्यांच्या बिळाभोवती घुटमळू लागला. भर दुपारी यायचा, नाक फेंदारून हुंगायचा आणि "मुलं मोठी होताहेत, नाही का?" अशी गोड चौकशी करून निघून जायचा. त्याने एकदा सगळ्यांत धाकट्या पिल्लाचे वजन साधारण किती असेल, असेही विचारले. त्या दिवसापासून सशिणीच्या घशाखाली गवत उतरेना. तिने सशाला सरळ सांगितले, "अहो, आपल्याला राखणीला कुत्रा हवा. कसलाही चालेल, पण आजच बघा." सशाला हे पटले. फक्त 'कसलाही' हा शब्द त्याने कानाआड केला.

जंगलाच्या कडेला एक गाव होते. गावात शिरताच उकिरड्यापाशी एक गावठी कुत्रा राखेत लोळत पडलेला सशाला दिसला. त्याचा एक कान फाटलेला होता आणि शेपूट कुठे ठेवावी हे त्याला स्वतःलाच ठरवता येत नसावे. सशाने लांब उभे राहूनच विचारले, "आपलं घराणं कशाचं?" कुत्र्याने खूप आठवून पाहिले आणि तो म्हणाला, "कशाचंच नाही." ससा नाक मुरडून पुढे गेला.

पुढे एका बंगल्याच्या फाटकामागे एक अल्सेशियन होता. त्याचा रुबाब बघूनच सशाने मागच्या पायांवर उभे राहून नमस्कार केला. घराणे पार सातासमुद्रापलीकडचे निघाले. पण जेवणात दोन वेळा मटण लागते, असे तो म्हणाला. मटण नसेल तर काय चालेल, असे सशाने विचारल्यावर त्याने सशाकडे खालपासून वरपर्यंत असे काही पाहिले, की सशाने विषय बदलून हवापाण्याच्या गप्पा काढल्या आणि पाय काढता घेतला. शेजारच्याच घरी एक पॉमेरियन होता. तो भुंकायला वस्ताद होता, पण त्याला झोपायला गादी लागे, आठवड्यातून एकदा शाम्पूची अंघोळ लागे, आणि कोल्हा म्हणजे नेमका कोणत्या रंगाचा, हे त्याने तीनदा विचारले. शिवाय त्याचे एकूण आकारमान बघता कोल्ह्याला तो जेवणाआधीचा घास वाटला असता.

ससा खट्टू होऊन परत निघाला, तेव्हा शेताच्या बांधावर त्याला एक कारवानी कुत्रा दिसला. त्याचे तोंड लांब होते, पोट पाठीला टेकलेले, पाय उंच आणि काटक, आणि नजर दूरवर लागलेली. सशाला तो पाहताक्षणीच खानदानी वाटला.

"आपलं घराणं कशाचं?" सशाने हात जोडून विचारले.

"सशांचं," तो म्हणाला. "आम्ही सशांचे कुत्रे. माझे वडील सशांचे, आजोबा सशांचे. दुसऱ्या कामाला आमच्यात कोणी हात लावलेला नाही."

सशाचे दोन्ही कान आनंदाने ताठ झाले. आपल्या जातीच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या घालवणारे एक घराणे या जगात आहे आणि ते आपल्याला माहीत नव्हते, याची त्याला लाजच वाटली. त्याने आजोबांची चौकशी केली.

"आजोबांची तर गोष्टच वेगळी," कारवानी अभिमानाने म्हणाला. "त्यांच्या नजरेतून एकही ससा सुटला नाही. म्हातारपणी दात पडले, तरी सशांशिवाय त्यांना काही गोड लागायचं नाही."

हे ऐकून सशाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तुमच्या डोळ्यांत वेगळ्याच कारणाने उभे राहिले असेल, पण तुम्ही ससे नाही. बोलणी तिथल्या तिथे ठरली. मालकाने शिकार सोडल्यापासून कारवानी रिकामाच होता. भाकरी त्याला मालकाच्या घरी मिळे. त्याला फक्त मोकळे रान आणि घराण्याचे काम हवे होते. खोटे तो एक अक्षरही बोलला नाही, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्याला दोष द्याल.

ससा त्याला घेऊन वाजतगाजत घरी आला. कारवानी बिळाच्या तोंडाशी बसला. जंगलाकडे पाठ करून बसला आणि त्याने पिल्लांवर जी नजर लावली ती हलेना. सशीण बराच वेळ बघत राहिली. मग तिने नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारले, "अहो, राखणदार बाहेर बघतो की आत?" ससा म्हणाला, की मोठ्या घराण्यांची रीत वेगळी असते, आणि कोणी आपल्या मुलांकडे इतके मन लावून बघितले तर आईने नाराज होऊ नये.

दुसऱ्या दिवशी शेंडेफळाने, म्हणजे त्या सगळ्यांत धाकट्या पिल्लाने, दारात दोन उड्या मारल्या. कारवानी झटक्यात उभा राहिला. त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि पाय थरथरू लागले. पिल्लू घाबरून जागच्या जागी बसले, तसा तोही गोंधळून बसला. "माफ करा," तो म्हणाला, "समोर कोणी पळालं की माझ्या पायांना काहीतरी होतं. बसलं की काही नाही." सशाने त्या थरथरण्याला 'माया' असे नाव दिले. सशिणीने मात्र त्या दिवसापासून घरात धावण्यावर बंदी घातली. बालमित्रांनो, ज्या घरात चार पिल्ले आहेत आणि धावायचे नाही, त्या घराची कल्पना करा. पिल्ले आजारी माणसांसारखी पावले टाकत गवत खायला जात आणि तशीच परत येत. पिढ्यान् पिढ्या उड्या मारणारे ते कुटुंब गोगलगायीला वाट सोडू लागले. मराठीत ससेहोलपट हा शब्द आहे तो उगाच नाही.

नवा राखणदार बघायला शेजारची उंदीरमावशी आली. ती बिळाच्या मागच्या वाटेने आत शिरली. ससा खुशीत होता. त्याने तिला गवताच्या कोवळ्या काड्या दिल्या आणि छाती फुगवून सांगितले, की साधासुधा नाही, सशांचा कुत्रा आहे.

मावशीच्या हातातली काडी खाली पडली. ती म्हणाली, "भाऊजी, आमच्या घरी एकदा उंदरांचं औषध आलं होतं."

"मग?" ससा म्हणाला.

"पुडीवर चित्रसुद्धा उंदराचंच होतं. आमचे हे म्हणाले, बघ, आपल्या जातीची काळजी करणारं कोणीतरी आहे. फार विश्वासानं खाल्लं हो त्यांनी." तिने मिशा पुसल्या. "तेव्हापासून मी एकटीच असते."

सशाने ते ऐकले. उंदरांचे औषध. सशांचा कुत्रा. त्याचे कान आधी एक, मग दुसरा, असे खाली आले. चंद्रावरच्या पणजोबांनी अशा वेळी काय केले असते ते त्याला सुचेना. तो एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेला आणि कारवानीला म्हणाला, "साहेब, एक विचारायचं राहिलं. आजोबांच्या नजरेतून ससे सुटत नसत. पुढे त्या सशांचं काय होई?"

"संध्याकाळी रस्सा," कारवानी म्हणाला.

सशाला भीती तर वाटलीच, पण भीतीपेक्षा जास्त त्याला स्वतःची शरम वाटली. कोल्हा निदान बाहेरून हुंगत होता. ह्याला तर त्याने स्वतः हात जोडून घरी आणून दारात बसवले होते. आता ह्याला काय सांगून परत पाठवावे, याचा तो विचार करू लागला, तोच समोरच्या गवतातून एक बारीक किंकाळी आली. मोठी माणसे बोलण्यात गुंतलेली पाहून शेंडेफळ हळूहळू पावले टाकत बाहेर गेले होते. राखणदार पाठ करून बसतो हे कोल्ह्याने आधीच हेरून ठेवले होते. त्याने पिल्लाची मानगूट तोंडात धरली होती आणि तो मजेत, घाई न करता, जंगलाकडे चालू लागला होता.

सशीण ओरडली. कारवानीने मान वळवून पाहिले आणि जांभई दिली. "कोल्ह्याचं काम आमच्या घराण्यात नसतं," तो दिलगिरीने म्हणाला. "आणि कोणी पळतही नाहीये."

हे शेवटचे वाक्य सशाच्या डोक्यात बसले. त्याला एकच वाट दिसली, आणि ती त्याला मुळीच आवडली नाही. त्याने सशिणीला सांगितले, "कोणी जागचं हलू नका." मग त्याने दीर्घ श्वास घेतला आणि कारवानीच्या नाकाखालून धूम ठोकली.

कारवानीच्या पायांना लगेच काहीतरी झाले. आजोबांचे, पणजोबांचे सगळे घराणे त्याच्या अंगात आले आणि तो सुटला. आता ससा काही लपायला धावत नव्हता. तो नाकासमोर धावत होता, आणि त्याच्या नाकासमोर कोल्हा होता. कोल्ह्याने मागे वळून पाहिले. जन्मात पहिल्यांदा एक ससा त्याच्या अंगावर चालून येत होता आणि सशाच्या मागे दात विचकलेला, वाऱ्यासारखा कुत्रा होता. कोल्हा हुशार प्राणी आहे, पण ह्याचा अर्थ त्याला लागेना. त्याने घाबरून तोंड उघडले. पिल्लू खाली पडले आणि आईने शिकवल्याप्रमाणे गवतात दगडासारखे बसले.

मागून येणारा श्वास सशाच्या शेपटीला लागत होता. कोल्हा हाताच्या अंतरावर आला तेव्हा सशाने अंग आखडले आणि तो एकदम उजवीकडे वळला. असे वळणे ही सशांची खरी विद्या, आणि ती चंद्रावरून आलेली नाही, ती प्रत्येक सशाला त्याची आई शिकवते. कारवानीला इतक्या वेगात वळता आले नाही. तो तसाच पुढे गेला आणि कोल्ह्याला घेऊन करवंदीच्या जाळीत कोसळला. आत काय झाले ते दिसले नाही, पण बराच वेळ जाळी हलत होती. मग कोल्हा अर्ध्या शेपटीनिशी बाहेर पडला आणि डोंगरापलीकडे दिसेनासा झाला. सशांनी आता कुत्रे पाळले आहेत, असे तो पुढे सगळीकडे सांगत असे.

कारवानी जाळीतून काटे झाडत बाहेर आला आणि इकडेतिकडे पाहू लागला. कोणी पळत नव्हते. ससा पिल्लाला पोटाशी धरून गवतात बसला होता. तो रडत होता, पण रडतानाही हलत नव्हता.

"साहेब," तो तसाच बसून म्हणाला, "आपलं काम झालं. आता आपण घरी जावं."

"माझं काही चुकलं का?" कारवानीने विचारले. त्याला खरोखरच वाईट वाटले होते.

"तुमचं नाही. तुम्ही सगळं खरं सांगितलंत. मी घराणं ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही." ससा थोडा थांबून म्हणाला, "फक्त एक विनंती. आधी तुम्ही निघा. तुम्ही पार दिसेनासे झालात, की मग आम्ही हलू."

कारवानी मान खाली घालून निघून गेला. तो बांधापलीकडे गेल्यावरही ससा आणि पिल्लू बराच वेळ बसून राहिले. मग ससा उठला. पिल्लाला त्याने सशिणीच्या कुशीत दिले आणि काही न बोलता पुन्हा गावाच्या वाटेला लागला. उकिरड्यापाशी तो गावठी कुत्रा तसाच राखेत पडलेला होता. ह्या वेळी ससा त्याच्या जवळ जाऊन बसला आणि त्याने नीट विचारायला सुरुवात केली. ससा पळताना दिसला तर काय करतोस? "बघतो," कुत्रा म्हणाला. मागे लागत नाहीस? "एकदा लागलो होतो. दमलो. मग सोडून दिलं." कोल्हा आला तर? "भुंकतो. कोणीही आलं तरी भुंकतो. पहिले काही दिवस तुमच्यावरही भुंकेन, ते मनावर घेऊ नका."

संध्याकाळी सशीण दारातच उभी होती. नवऱ्याच्या मागून दुसरा कुत्रा येताना तिला दिसला. तिने चारही पिल्लांना मागे ओढले आणि विचारले, "आता हा कशाचा?"

"कशाचाच नाही," ससा म्हणाला.

सशिणीने सुटकेचा श्वास सोडला आणि पिल्लांना सांगितले, "जा, पळा."

तात्पर्य : राखणदाराचे घराणे किती मोठे आहे हे विचारण्याआधी, ते काय खाऊन मोठे झाले आहे हे विचारावे.