दोन दातांचा नैवेद्य

सीना नदीच्या काठी मांडवे नावाचे लहानसे गाव होते. नदीच्या वळणावर केशवगीर महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर कडुनिंबाखालची एक ओसरी, पेटती धुनी आणि समोर सारवलेले अंगण. महाराजांना कोणाचेच घर वर्ज्य नव्हते. चैत्रातल्या उत्सवाचा महानैवेद्य दर वर्षी गावातल्या एका घराने करावा, हा रिवाज त्यांनीच घालून दिला होता. त्या वर्षी पाळी आली सगुणेची, हरबा कोष्ट्याच्या बायकोची. आणि ही गोष्ट ज्यांच्या डोळ्यांत सलत होती, त्या होत्या चिमाकाकू.

चिमाकाकूंचे सोवळे पंचक्रोशीत गाजलेले. काकू चुलीपाशी असताना त्यांचा मिशा फुटलेला मुलगा विनायकसुद्धा उंबऱ्याबाहेर उभा राहून पाणी मागत असे. कीर्तनात काकू पहिल्या, पारायणात पहिल्या. संसार हा त्यांच्या लेखी भोग होता; तो दात-ओठ खाऊन भोगायचा आणि उरलेल्या वेळात देव गाठायचा.

सगुणेचे सगळे याच्या उलटे. तिला कधी कीर्तनाला सवड नाही. पहाटे सडा घालताना ती गुणगुणे, दळताना गाई, भाकरी थापताना मांडीवरच्या लेकाशी गप्पा मारी. तो लेक म्हणजे म्हादू, रांगता, खाली नुकतेच दोन दात आलेले. शेणात हात घालतानाही ही बाई हसताना दिसे आणि काकूंच्या मनात पाल चुकचुके. चूल फुंकून कोणाचे डोळे पाणावतात, कोणाचे हसतात का? संसारात हसण्यासारखे आहे तरी काय? नक्कीच काहीतरी लपवते ही! महाराजही भाकरी मागायला रोज हिच्याच दारात कसे जातात? त्यांना भुरळ घातली की काय?

"चूल आणि मूल यांतून डोकं वर निघत नाही तिचं," काकू पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवीत, "आणि ही म्हणे देवाचा नैवेद्य करणार! बघाच तुम्ही, काहीतरी काळंबेरं निघेल."

सगुणेच्या कानावर ते जाई. ती एवढेच म्हणे, "काकू मोठ्या हायेत. पर मला घरातच लई बरं वाटतं बघा. त्याला मी काय करू?"

उत्सवाच्या दिवशी सकाळीच काकू सगुणेच्या परसदारी जाऊन कुडाच्या फटीला डोळा लावून उभ्या राहिल्या. म्हातारपणी हे शोभते का, असे त्यांना क्षणभर वाटले. पण संशयाला लाज कुठली! आत पुरणाचा घमघमाट सुटला होता. सगुणा ओलेत्याने पोळ्या लाटत होती. दुरडीत नैवेद्याच्या पोळ्या रचल्या होत्या. तेवढ्यात म्हादू रांगत आला, दुरडीला धरून उभा राहिला आणि वरच्या पोळीचा त्याने चक्क चावा घेतला.

काकू फटीला आणखी चिकटल्या. आता ही पोरट्याला चापट मारील, सगळे पुन्हा रांधील! पण सगुणा खळखळून हसली. तिने त्याचे पुरणाने माखलेले तोंड पुसले, गालाचा मुका घेतला आणि तीच पोळी नैवेद्याच्या ताटात वाढली.

"देवा, गोड झालीया," ती म्हणाली. "ह्यानं चाखलीया आधी."

काकूंना झालेला आनंद काय सांगावा! काशीची गंगा घरी आली असती, तरी एवढे समाधान झाले नसते. त्या तडक मठात गेल्या.

सगुणा म्हादूला कडेवर आणि ताट हातात घेऊन आली तेव्हा अंगण माणसांनी भरले होते. काकूंनी बोट दाखवले. "उष्टा नैवेद्य आहे तो! विचारा तिला!"

पाटलांनी विचारले. सगुणेने ताट खाली ठेवले आणि म्हणाली, "व्हय. लेकरानं चाखलीया. खोटं कशाला बोलू?"

एकच गलका झाला. पाटलांनी हात वर केला. "देवाला उष्टं दाखवायला निघालीस! हरबाच्या घराची पाळी आजपासून बंद. मठाच्या पंगतीला तुम्हाला जागा नाही, आणि महाराजांनीही त्या घरची भाकरी घेऊ नये, ही गावाची विनंती आहे."

सगुणेचे हसू मावळले. पंगत गेली त्याचे तिला फार नव्हते. पण महाराजांसाठी पहाटे उठून दळायचे, पहिली भाकरी त्यांच्या नावाने थापायची, हाच तिच्या दिवसाचा आरंभ होता. तोच गेला तर चूल पेटवायची कशासाठी? तिचे डोळे भरून आले. ते पाहून म्हादूने भोकाड पसरले.

 महाराज काकूंकडे वळून म्हणाले, "बाई, मग आजचा नैवेद्य कोण करणार?"

"मी करते महाराज! कडक सोवळ्यात!"

"करा. तुम्ही येईपर्यंत ही मायलेकरं इथंच माझ्यासमोर बसतील. मग काय ते ठरवू."

समोर कशाला बसवली, काही डाव तर नाही ना, अशी शंका काकूंना घरी जाईपर्यंत छळत होती. त्यांनी स्वयंपाकघराची आतून कडी लावली, खिडकी बंद केली, विनायकाला ओसरीवर राखणीला बसवले. भिंतीतल्या देव्हाऱ्यातल्या पितळी बाळकृष्णाखेरीज आत कोणी नव्हते. पोळ्या होताच त्यांनी ताटावर ताट झाकले, वर ओले फडके घट्ट बांधले आणि वाटेत कोणाची सावली पडू न देता ते मठात आणले.

"उघडा," महाराज म्हणाले.

काकूंनी फडके सोडले, वरचे ताट उचलले. वरच्या पोळीचा कडेचा तुकडा गेला होता आणि तिथे दोन इवल्या दातांची खूण होती.

"उंदीर!" काकू ओरडल्या. त्यांनी ती पोळी उचलली. खालच्या पोळीवर तीच खूण. तिच्या खालच्या पोळीवरही तीच! "करणी आहे ही! हिच्याच पोराचे दात आहेत, हिनंच काहीतरी..."

"काकू, ती इथून हललीसुद्धा नाही," पाटील चाचरत म्हणाले. "पोर तिच्या मांडीवरच झोपलंय. अख्खं गाव बघतंय."

"विनायकानं..." काकू बोलू लागल्या आणि थांबल्या. कडी तर आतून होती.

"बाई," महाराज शांतपणे म्हणाले, "घरी जा. देव्हाऱ्यात बघून या."

काकू गेल्या. मागोमाग सगुणेखेरीज सगळे गेले आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले. देव्हाऱ्यात रांगता बाळकृष्ण रोजच्यासारखा एक हात वर करून बसला होता. सकाळी काकूंनी स्वतः त्याला न्हाऊमाखू घालून लख्ख पुसले होते. आता त्याच्या ओठांना पुरण लागले होते. मुठीतही पुरण होते. काकूंनी बोट लावून पाहिले. पुरण अजून कोमट होते!

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काकूंना संशय घ्यायला कोणी उरले नाही.

महाराज दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "बाई, तो रोज रांगत तुमच्या उंबऱ्यापर्यंत येत होता. तुम्ही म्हणत होता, शिवू नकोस. सगुणेनं फक्त त्याला येऊ दिलं."

शिवू नकोस! काकूंना ते शब्द ओळखीचे वाटले. याच उंबऱ्याला धरून छोटा विनायक हुंदके देत उभा राही आणि आतून त्या हेच म्हणत. नैवेद्य होईपर्यंत त्यांनी त्याला कधी उचलले नव्हते. त्याला पहिला दात कधी आला, हे काकू आठवू लागल्या. त्यांना आठवेना. सगळी व्रते, सगळी पारायणे तिथीवार पाठ होती. लेकाचा पहिला दात तेवढा आठवेना. काकू मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

मठात परत येताच त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी हात जोडून सगुणेकडे पाहिले. काकू उठल्या आणि सगळ्या गावादेखत तिच्यापुढे वाकल्या.

"अगं बाई! काकू, पाय नका धरू, मोठ्या तुमी!" सगुणा पाय आखडून घेऊ लागली. मांडीवरचा म्हादू जागा झाला, त्याने काकूंचा पांढरा अंबाडा मुठीत पकडला आणि काही केल्या सोडेना. ओलेत्यातल्या काकूंनी "शिवू नकोस" म्हटले नाही. त्या तशाच वाकून राहिल्या.

त्या दिवशी दोन्ही ताटांचा एकच नैवेद्य झाला. महाराजांनी पहिला घास म्हादूने चावलेल्या पोळीचा घेतला, आणि भाकरीसाठी दुसऱ्या दिवशीही ते सगुणेच्याच दारात उभे राहिले. पाटलांनी मान खाली घालून आपला शब्द मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुन्हा थोडे पुरण घातले. विनायक नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर येऊन थांबला आणि पाणी मागू लागला.

"आत ये," काकू म्हणाल्या.

"आई, तू सोवळ्यात आहेस ना? नैवेद्य अजून देवाला दाखवायचाय."

काकूंनी तव्यावरची पोळी मोडली, फुंकर घातली आणि घास हातात धरला.

"ये रे बाळा," त्या म्हणाल्या. "आधी तू चाख."