पुसता कडा

समोर तो काळा कडा दिसतोय ना, वरून खाली सरळ तुटलेला, त्याला आम्ही पुसता कडा म्हणतो. त्याच्या पायथ्याशी जो सपाट दगड आहे तिथं उभं राहून काही विचारलं, तर त्यातलाच एक शब्द परत ऐकू येतो. मोठ्यानं विचारायची गरज नाही. आणि हिवरपाडळीत कुठल्याही जमिनीचा कागद व्हायचा असेल, वाटणी असो, वारस लावायचा असो की खरेदी, तर त्याआधी घरातली माणसं इथं येतात. वंशावळ मूळपुरुषापासून वाचतात आणि गावातला एक जाणता माणूस तीन वेळा विचारतो, "कोणी राहिलं का?" तीनदा विचारून झाल्याशिवाय कागदावर सही होत नाही. तलाठी नवीन आला की हसतो, पण थांबतो.

तुम्ही मोडीतली ही जुनी कागदपत्रं घेऊन इतक्या लांब आलात, ताई, तर ही गोष्ट तुम्हाला आधी सांगितली पाहिजे. जुन्या कागदांतून आपली माणसं शोधणारा इथं आला की आम्ही ती सांगतोच. कागदात जेवढं लिहिलंय तेवढंच घराणं, असं समजून कोणी परत जाऊ नये म्हणून.

इंग्रजांची पहिली पैमाश, म्हणजे जमिनीची मोजणी, या भागात आली तेव्हाची गोष्ट. गावची पाटीलकी खैऱ्यांकडे होती. राघोजी खैरे वारले होते. त्यांचे दोन मुलगे, थोरला हैबती आणि धाकटा सुभानजी. हैबती म्हणजे माझ्या खापरपणजोबांचे वडील. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना मी कोणाच्या बाजूचा आहे ते तुम्हाला कळेल.

सुभानजी लमाणांच्या तांड्याबरोबर मीठ आणायला घाटाखाली गेला आणि येताना पटकीनं वाटेतच वारला. मागं बायको चांगुणा आणि दीड वर्षाचा येसू. दिवसकार्य झाल्यावर चांगुणाचा बाप आजारी पडला म्हणून ती पोराला घेऊन माहेरी गेली. महिना-दोन महिन्यांसाठी गेलेली बाई वर्ष-सव्वा वर्ष तिकडेच अडकली. पोरही तिकडं तापानं फणफणलेलं होतं, असं कानावर येत होतं.

नेमकी त्याच सुमारास पैमाश आली. साहेब, साखळ्या, निशाणाचे बांबू. हुकूम असा की प्रत्येक जमीनवाल्या घराची वंशावळ कुलकर्ण्यानं लिहून कचेरीत द्यावी. कुलकर्णी होते नारोपंत. अक्षर मोत्यासारखं आणि माणूस सरळ, असं सांगतात. आजवर त्यांनी कोणाच्या बांधाची एक वीतही इकडची तिकडं लिहिली नव्हती.

पण आदल्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली होती. पंतांची बायको आणि मुलगी नदी उतरताना पाण्यात सापडल्या. लोक काठावर ओरडत राहिले. हैबतीनं कमरेला कासरा बांधून उडी घेतली आणि दोघींना ओढून आणलं. त्यानंतर त्यानं त्या गोष्टीचा कधी उच्चारही केला नाही.

ज्या दिवशी पंत खैऱ्यांचं घर लिहायला बसले, त्या दिवशी हैबती त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "काकूंची तब्येत बरी आहे ना, पंत?"

"बरी आहे, पाटील."

"सुभानजीपुढं काय लिहिताय?"

"त्याचा मुलगा, येसू."

हैबतीनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "पोर काही जगत नाही म्हणतात. आणि तीही आता परत येत नाही. उगाच मेलेल्या पोराचं नाव सरकारात कशाला? निपुत्रिक लिहा."

पंतांनी बोरू हातात धरला. पोर जिवंत होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. नदीचं नाव कोणीच काढलं नाही. काढलं असतं, तर पंतांना कदाचित नाही म्हणता आलं असतं, असं माझे वडील म्हणायचे. पंतांनी लिहिलं, सुभानजी, निपुत्रिक. शाई वाळली. कागद कचेरीत गेला. एक नक्कल पंतांच्या दप्तरात राहिली.

मृग लागायच्या आत चांगुणा परत आली. येसू तिच्या लुगड्याला धरून आपल्या पायांनी चालत आला. गावात शिरल्यावर ती घरी जायच्या आधी पंतांच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली.

"पंत, सरकारी कागद झाला म्हणतात. माझ्या येसूचं नाव लागलं का त्यात?"

पंतांनी दप्तर सोडलं. नक्कल काढली. पोर त्यांच्याकडं बघत होतं. आणि पंतांनी कागद डोळ्यांसमोर धरून वाचलं, "सुभानजी वलद राघोजी खैरे. त्याचा पुत्र येसू."

"आणखी एकदा वाचता?"

पंतांनी आणखी एकदा वाचलं. चांगुणानं कागदाला लांबूनच हात जोडले, पोरालाही जोडायला लावले, आणि घरी गेली.

खोटं लिहिण्यापेक्षा हे खोटं वाचणं मोठं पाप, असं आमच्याकडे मानतात. लिहिताना समोर नुसता कागद असतो. वाचताना समोर ऐकणारं माणूस असतं. पंतांच्या मनात होतं म्हणे, की पुढच्या साली साहेब आले की दुरुस्ती करून घेऊ. पुढच्या साली साहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मग पंतांनी वाट बघणंही सोडलं. चांगुणा वाटेत दिसली की ते दुसऱ्या आळीनं जायचे.

सुभानजीच्या वाट्याची जमीन म्हणजे या कड्याखालचा माळ. तेव्हा तिथं बोराटीशिवाय काही उगवत नव्हतं. हैबतीनं तिला तिथं राबू दिलं. नको का म्हणेल? अकरा वर्षं त्या बाईनं दगड वेचले. ते वेचलेले दगड रचून तिनं ताली घातल्या. पावसाची माती त्यांना अडली, थर बसत गेले. आता तुम्ही येताना जी हिरवी पट्टी ओलांडलीत, ती काळी जमीन देवानं दिलेली नाही. ती चांगुणानं केलेली आहे. येसू तेरा वर्षांचा झाला त्या साली तिथं पहिल्यांदा पुरुषभर उंच जोंधळा उभा राहिला.

त्याच साली हैबतीनं सांगितलं, "शेत माझं आहे. कापणी माझी माणसं करतील."

चांगुणा घाबरली नाही. "कागद आहे," म्हणाली.

प्रकरण तालुक्याच्या कचेरीत गेलं. कारकुनानं दप्तर बांधलेला रुमाल सोडून कागद काढला आणि वाचला. सुभानजी, निपुत्रिक.

ती म्हणाली, "नीट वाचा. चुकताय तुम्ही."

कारकुनानं तिला कागद दाखवला, अक्षरावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या बोटाखालच्या काळ्या रेघांकडं पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या पंतांनी मला दोनदा वाचून दाखवलंय." कचेरीतली माणसं हसली.

सात कोस चालत ती गावात परत आली. पंत ओट्यावर होते. तिला येताना पाहून त्यांना आत जाता आलं असतं, पण ते गेले नाहीत. ती खाली उभी राहिली, अकरा वर्षांपूर्वी उभी होती तिथंच.

"पंत, कारकुनानं वाचलं त्यात येसू नाही. तुम्ही वाचलं त्यात होता. तुम्ही ते कुठून वाचलं होतं?"

ती उत्तरासाठी बराच वेळ थांबली, असं सांगतात. तिनं शिव्या दिल्या नाहीत, शाप दिला नाही. दिला असता तर पंतांना हलकं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती येसूला घेऊन गाव सोडून गेली. उभा जोंधळा तसाच मागं ठेवून.

पंत त्याच दिवशी कचेरीत गेले आणि मी खोटं लिहिलं असं त्यांनी सांगितलं. अंमलदारानं विचारलं, "तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय, हे मी कसं ओळखू?" कागद बदलला नाही. पंतांचं कुलकर्णीपण मात्र गेलं.

मग पाडव्याच्या दिवशी पंतांनी सगळ्या गावाला या कड्याखाली बोलावलं. भर दुपार होती. हैबतीही आला, पाटील म्हणून त्याला यावंच लागलं. पंतांनी हातात कागद न घेता गावातल्या एकेका घराची वंशावळ म्हटली. खैऱ्यांच्या घराशी आले. सुभानजीचं नाव घेतलं आणि थांबले.

"इथं मी खोटं लिहिलं," ते म्हणाले. "आणि मग तिच्या तोंडावर खोटं वाचलं. कोणी लिहायला लावलं ते मी सांगणार नाही. हात माझा होता." मग त्यांनी गावाकडं पाहून विचारलं, "कोणी राहिलं का?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. पाटलासमोर कोण बोलणार? पंतांनी दुसऱ्यांदा विचारलं. लोक जमिनीकडं बघत होते. तिसऱ्यांदा पंतांनी गावाकडं पाठ केली आणि कड्याकडं तोंड करून विचारलं.

म्हणे, त्याआधी त्या कड्याला आवाज फिरत नव्हता. गुराख्यांनी किती हाका मारल्या तरी कडा मुका. त्या दुपारी पहिल्यांदा वरून शब्द आला, "राहिलं." सावकाश, म्हाताऱ्या माणसानं बोलावं तसा. हैबती मटकन खाली बसला. पागोटं डोक्यावरून घरंगळलं, ते त्यानं उचललंही नाही.

तेव्हापासून त्याला पुसता कडा म्हणतात. पुसणं म्हणजे विचारणं, आणि पुसणं म्हणजे खोडून टाकणंही. दोन्ही अर्थ आम्हाला लागू आहेत.

पंतांनी नंतर तिला शोधायला चार वर्षं गावोगाव पायपीट केली. जिथं जातील तिथल्या कुलकर्ण्याला विचारायचे, येसू सुभानजी असं नाव कुठं लागलंय का. लागलं नव्हतं. पाय सुजून परत आले आणि इथंच गेले. जाताना गावाकडून त्यांनी एवढंच मागून घेतलं, की कागद करण्याआधी विचारत जा.

आणि हैबती? त्यानं शेत परत केलं का, असं सगळे पाहुणे विचारतात. नाही केलं. "ती गेली, आता द्यायचं कोणाला?" असं म्हणाला. तेच उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात चालत आलंय. ते शेत आज मी कसतो. जोंधळा चांगला येतो.

तुम्हाला वाटेल, एवढं सगळं ठाऊक असलेल्या घरात तरी पुन्हा तसं होणार नाही. तेही सांगतो.

माझे वडील वारले, त्याला आठ वर्षं होतील. आम्ही दोघं भाऊ, मी आणि जगन्नाथ. आणि आमच्यावरची सुंदराक्का, तिला घाटाखाली दिलेली आहे. वारस लावायचा अर्ज आम्ही भरला तेव्हा दोघांचीच नावं घातली. कोणी ठरवलं असं नाही. जगन्नाथ म्हणाला, "आक्का काय मागणार आहे का?" मी म्हणालो, "नाही मागणार." एवढंच बोलणं झालं.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आक्का आली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही इथं आलो, तर तीही सोबत आली. लहानपणी इथं यायला तिला आवडायचं. विचारायला रामा गुरव होते. मी वंशावळ वाचली. राघोजी, हैबती, त्याच्याखालचे सगळे, वडील, मग मी आणि जगन्नाथ. गुरवांनी विचारलं, "कोणी राहिलं का?"

आक्का माझ्यापासून चार हातांवर उभी होती, डोक्यावरचा पदर धरून. मी गप्प राहिलो. वरून शब्द फिरून आला. गुरवांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी आक्काकडं पाहिलं नाही. दुसऱ्यांदाही गप्प राहिलो. तिसऱ्यांदा गुरव बोलायला लागले, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आक्का राहिली."

अर्ज फाडला, नवा लिहिला, तिचं नाव लागलं. गावात माझं कौतुक झालं. रंगनाथानं पाटलांच्या घराचा डाग धुतला, असं लोक म्हणाले. मी ते ऐकून घेतलं.

आजही इथं कुठलाही कागद होण्याआधी तीनदा विचारतात. गुरव गेल्यापासून विचारायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्यांदा विचारतो तेव्हा मी समोरच्यांच्या तोंडाकडं बघतो, आणि कोण गप्प आहे ते मला लगेच कळतं. आक्का आजही दर भाऊबीजेला येते. ओवाळते, जेवते, माझ्या नातवंडांना जवळ घेते. तिच्या वाट्याच्या जोंधळ्याचं पोतं मी शिवून ओसरीवर ठेवलेलं असतं. निघताना ती त्याच्यावर हात ठेवते आणि म्हणते, "राहू दे रंगा, पुढच्या साली नेईन." सात सालं झाली. त्या दोन वेळा मी गप्प होतो, त्याबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही.