पाखऱ्याचा गूळ

तेलघाण्याला बैल जुंपायचे, त्या काळची गोष्ट. गेनबाच्या घाण्यावर पाखऱ्या नावाचा बैल दहा वर्षं फिरत होता. गोठ्यात त्याची स्वतःची गव्हाण होती आणि काम असो-नसो, तिच्यात न चुकता कडबा पडायचा. श्रावणात तेलाची मागणी वाढली, तेव्हा गेनबाने बाशिंग्या नावाचा बैल रोजावर आणला. दुपारी जू उतरलं, की बाशिंग्याला पेंडीवर गुळाचा खडा मिळायचा.

डोळ्यांवर झापडं असली तरी पाखऱ्याला त्या गुळाचा वास यायचा आणि त्याचा जळफळाट व्हायचा. एके दिवशी तो घाण्यापाशी अडूनच बसला. "मालक, जे त्याला, तेच मला पाहिजे. काडीचाही फरक नको."

गेनबाने लगेच गुळाची ढेप फोडली.

पाखऱ्या गूळ चघळायचा आणि बाशिंग्याचा खडा मोठा तर नाही ना, हे तिरक्या नजरेने बघायचा.

मग पोळा आला. गावभर बैलांना पुरणपोळी भरवत होते. घाणा बंद होता आणि पाखऱ्याची गव्हाण रिकामी.

"मालक, माझी वैरण?"

"रोजावरच्याला काम नाही त्या दिवशी वैरण नाही," गेनबा म्हणाला. "फरक नको, असं तूच म्हणालास."

शेजारी बाशिंग्याही उपाशीच बसला होता.

"तुझ्या गुळावर माझा डोळा होता," पाखऱ्या पुटपुटला.

"आणि माझा तुझ्या कडब्यावर," बाशिंग्या म्हणाला. "आता कुणाचा हेवा करायचा?"