वारेआबांनी न सांगितलेला वारा

फार पूर्वी, नेमके किती पूर्वी ते मला सांगता येणार नाही, एका उंच पठारावर एक गाव होते. जमीन चांगली होती, माणसे कष्टाळू होती, पण पाणी मात्र खाली खोल दरीत होते. उतरायला एक वाट, चढायलाही तीच. पहाटे उतरलेली बाई हंडा घेऊन वर येई तेव्हा ऊन अंगणात आलेले असे, आणि तो हंडा दुपारपर्यंतही पुरत नसे.

त्या गावात एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांचे काम वारा सांगण्याचे. मुलांनो, हसू नका. आणि मुलांच्या मागे बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही हसू नका. मळणी झाली की खळ्यावर धान्य उफणावे लागते. उंच तिवईवर उभे राहून पाटीतले धान्य हळूहळू खाली सोडायचे. वारा भूस उडवून नेतो आणि दाणे पायाशी पडतात. वारा पडला तर काम थांबते. भलत्या बाजूने आला तर आपले भूस शेजाऱ्याच्या राशीवर जाऊन पडते आणि दोन घरांचे बोलणे वर्षभर बंद होते. म्हणून वारा कधी येणार आणि कुठून येणार हे ज्याला कळते, त्याला त्या गावात मोठा मान होता. म्हातारे सांगत, "उद्या दोन प्रहरी. पश्चिमेकडून. तिवई इकडं मांडा." लोक तिवई तिकडेच मांडत. म्हाताऱ्यांच्या आजोबांपासून हे काम त्यांच्या घरात होते. सगळे त्यांना वारेआबा म्हणत.

एका वर्षी कार्तिकात गावात एक सुतारीण आली. तिने दूरच्या मुलखात वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्क्या बांधल्या होत्या. ती पाटलांना म्हणाली, "तुमचं पाणी खाली आहे आणि वारा वर आहे. वाऱ्याकडूनच पाणी चढवून घेऊ. गाडग्यांची लांब माळ दरीत सोडायची; चक्की फिरली की ती पाणी घेऊन वर येईल. लाकूड मी तासते. दोर, कापड आणि हात गावाचे."

पाटलांनी गाव जमवला. सुतारीण घरोघर गेली. बायकांना तिने विचारले, रोज किती हंडे लागतात. कुंभाराला विचारले, किती गाडगी होतील. कोष्ट्याला विचारले, शिडे कशी शिवावीत.

वारेआबांनी सकाळीच धुतलेले पागोटे बांधले, ओसरीवर घोंगडी अंथरली आणि वाट पाहत बसले. चक्की वाऱ्याची आहे, तेव्हा ती आपल्याकडे येणारच. काय काय सांगायचे ते त्यांनी मनात जुळवूनही ठेवले होते. सगळे एकदम सांगायचे नाही, हेही ठरवले होते.

सुतारीण आली. आबांना तिने हात जोडले आणि आत हाक मारली, "काकू, शिडासाठी प्रत्येक घरचं थोडं कापड घेतेय. जुनं चालेल, विरलेलं नको."

काकू आतून एक धोतर घेऊन आल्या. सुतारणीने ते ताणून पाहिले, मान डोलावली आणि ती पुढच्या घरी गेली. वाऱ्याबद्दल एक शब्दही नाही.

"माझं धोतर दिलंस?" आबा म्हणाले.

"मग काय माझं लुगडं देऊ?" काकू म्हणाल्या.

सुतारणीने दरीच्या काठावरच्या टेकडीवर एक काठी रोवली, तिला चिंधी बांधली आणि आठ दिवस ती चिंधी पाहिली. आठही दिवस वारा पश्चिमेचा होता. तिने चक्कीचे तोंड पश्चिमेला ठरवले आणि पाया खणायला घेतला.

ते पाहून आबा चरकले. त्या टेकडीवर चैत्रात तीन दिवस एक वेगळाच वारा येतो. दरीतून वर उसळतो आणि टेकडीला बाजूने धडकतो. आबांच्या आजोबांनी त्याचे नाव ठेवले होते, आडवा. गाव टेकडीच्या आडोशाला असल्याने गावात तो जाणवत नसे, आणि चैत्रात तिथे गवताची काडी नसल्यामुळे गुरे घेऊन कोणी तिकडे फिरकत नसे. पण टेकडीवरच्या करवंदीच्या जाळ्या एकाच बाजूला वाकलेल्या होत्या. पाहणाऱ्याला त्या दिसल्या असत्या.

सांगायला हवे, म्हणून आबा उठले. त्यांनी वहाणा पायात घातल्या. अंगणापर्यंत गेलेही. मग त्यांच्या मनात आले, तिने कुंभाराला विचारले, कोष्ट्याला विचारले, न्हाव्याच्या सुनेलाही विचारले. मला मात्र धोतर मागितले. विचारील तेव्हा सांगू.

त्यांनी वहाणा काढून ठेवल्या.

पौषात चक्की फिरली. बारा शिडे, घरोघरच्या कापडांची. कुठे साडीचा काठ, कुठे घोंगडीचा तुकडा. गाडग्यांची माळ कुरकुरत वर आली आणि हौदात पाणी पडले. बायका हौदाच्या काठाला हात लावून नुसत्याच उभ्या राहिल्या. एक म्हातारी तर रडली.

कोष्टी मोठा थट्टेखोर होता. तो चढलेल्या आवाजात म्हणाला, "वारेआबा, वर बघा! गावात सगळ्यात जोरात तुमचंच धोतर फिरतंय. मालक ओसरीवर आणि धोतर आभाळात!"

सगळा गाव हसला. आबाही हसले.

पण त्या दिवसापासून त्यांनी हौदाचे पाणी वर्ज्य केले. "मला दरीचंच पाणी लागतं," ते म्हणाले. "ह्या पाण्याला लाकडाचा वास येतो." काकूंनी मान डोलावली, हंडा घेतला, हौदावर भरला, शेजारणीकडे थोडा वेळ गप्पा मारल्या आणि परत आल्या. आबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "बघ. ह्याला म्हणतात पाणी." काकूंनी हंडा झाकून ठेवला.

माघात मळण्या झाल्या आणि वारा पडला. तो दरवर्षीच तीन-चार दिवस पडतो. पण या वर्षी टेकडीवर चक्की होती. खळ्यावर कोणीतरी म्हणाले, "सगळा वारा ती चक्की खाते. आपल्याला कुठून उरणार?" लोक आबांकडे पाहू लागले. खरे तर आबांनी एवढे तरी म्हणायला हवे होते, की वारा असा खाल्ला जात नाही. पण ते फक्त म्हणाले, "चौथ्या दिवशी येईल."

लोक सुतारणीकडे गेले. ती त्यांना समजावू शकली असती, पण लोकांची तोंडे पाहून ती वाद घालत बसली नाही. "तुमच्या राशी महत्त्वाच्या," असे म्हणून तिने कोष्ट्याकडून बाराही शिडे गुंडाळून बांधून घेतली. तीन दिवस हौद कोरडा राहिला. चौथ्या दिवशी दोन प्रहरी, आबांनी सांगितल्याप्रमाणे, पश्चिमेचा वारा आला. तिने कोष्ट्याकडून शिडे सोडवून घेतली. चक्की फिरत राहिली आणि खळ्यावर भूसही उडत राहिले. लोकांची भीती गेली.

पण लोक काय म्हणाले ठाऊक आहे? "सुतारीणबाईनं वारा बांधून ठेवला होता. आज सोडला!" पोरे तिच्याभोवती नाचली. "बाई, आमच्या खळ्यावर उद्या थोडा जास्त सोडा हो," कोष्टी ओरडला. सुतारीण दमली होती आणि खूश होती. ती नुसती हसली. हा वारा आबांनी सांगितला होता, एवढे म्हणायला तिला सुचले नाही.

आबा खळ्याच्या कडेला उभे होते. साठ वर्षे त्यांनी वारा सांगितला होता, आणि तो आणल्याचे श्रेय आजवर कुणी त्यांनाही दिले नव्हते. आता ते चैत्राचे दिवस मोजू लागले. सणाची वाट पाहावी तशी ते आडव्याची वाट पाहू लागले, आणि आपण कशाची वाट पाहतो आहोत हे स्वतःलाही सांगेनात.

चैत्र आला. एका संध्याकाळी आबांच्या कानामागे गार झुळूक लागून गेली. त्यांचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला काहीतरी कळलंय," काकू म्हणाल्या. "मळणीच्या आदल्या दिवशी तुमचं तोंड असं होतं."

"मला कुणी विचारलंय का?"

"मी विचारतेय."

"तू नाही," आबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी दरीतून आडवा उसळला. त्याने शिडे बाजूने धरली आणि चक्की लाकूड पिळल्यासारखी ओरडू लागली. सुतारीण धावली. तिच्या मागून कोष्टी धावला, कारण शिडांच्या गाठी त्याने मारल्या होत्या आणि त्या कशा सुटतात ते त्यालाच माहीत होते. तो वर चढला. त्याने सात शिडे सोडली. आठवे सोडताना मोठा दांडा मोडला.

कोष्टी जिवंत राहिला. पण त्याचा उजवा हात कोपरापासून असा मोडला, की हाडवैद्याने तो बांधताना मान फिरवली. त्या दिवशी त्याच्या घरातला माग बंद पडला. गाडग्यांचे तुकडे दरीत पडले, आणि बायकांनी पुन्हा हंडे घेऊन जुनी वाट धरली.

गाव पारावर जमला. पाटलांनी विचारले, "वारेआबा, हा वारा तुम्हाला ठाऊक नव्हता का?"

प्रश्न साधाच होता. पाटलांच्या मनात काही नव्हते. पण आबा पेचात पडले. ठाऊक होता म्हणावे, तर कोष्ट्याच्या हाताचा दोष आपल्या गळ्यात पडतो. नव्हता म्हणावे, तर मग वारेआबा कसले?

"नव्हता," आबा म्हणाले.

"आबांना ठाऊक नाही म्हणजे कुणालाच नसणार," पाटील म्हणाले. "देवाची मर्जी." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यावर कुणी संशय घेतला असता, तर आबांना ते सोपे गेले असते. बायकांच्या घोळक्यात काकू उभ्या होत्या. त्या खाली जमिनीकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारीण आबांच्या घरी आली आणि ओसरीच्या पायरीवर बसली.

"आबा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी आठ दिवस चिंधी पाहिली आणि मला वाटलं, मला वारा कळला. तुम्ही जन्मभर पाहिलात, आणि तुमच्याकडं मी काय मागितलं, तर कापड. आता विचारते. चक्की कुठं उभी करू?"

ज्या प्रश्नासाठी आबा कार्तिकापासून थांबले होते, तो प्रश्न त्यांच्या ओसरीवर येऊन बसला होता. आणि आता त्यांना उत्तर देता येत नव्हते. उत्तर दिले, तर कालचे खोटे उघडे पडणार.

"मला काय कळतं," ते पुटपुटले.

सुतारीण उठली. "मग त्याच जागी बांधते. लाकूड आणखी जाड घेते. कोष्टी म्हणतोय, डाव्या हातानं शिवीन, पण त्याला आता नको; शिडं मीच शिवणार आणि मीच चढून बांधणार."

ती अंगणापर्यंत गेली होती.

"तिथं नको," आबा म्हणाले. "बैठ्या खडकाच्या अलीकडं बांध. आडवा तिथं पोचत नाही."

सुतारीण वळली. "आडवा? त्या वाऱ्याला नाव आहे?"

ज्या वाऱ्याला नाव आहे तो कालपरवा आलेला नसतो, हे तिला कळले. तिचा आवाज चढला नाही.

"मी हे कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

आबा आधी कोष्ट्याकडे गेले. त्यांनी सगळे सांगितले, धोतरापासून. कोष्टी छताकडे बघत पडून होता. शेवटी तो म्हणाला, "आबा, राग आला होता तर शिवी द्यायची होतीत. मी उलटी दिली असती. तिथंच मिटलं असतं." एवढे बोलून त्याने तोंड भिंतीकडे केले.

मग आबांनी पारावर उभे राहून गावाला सांगितले. कुणी त्यांना बोलले नाही, कुणी हाकलले नाही. गाव त्यांच्यामागे बैठ्या खडकापर्यंत गेला, आणि त्यांनी दाखवलेल्या जागी पाया खणला. ती चक्की पुष्कळ वर्षे टिकली. सुतारीण पुढे जिथे गेली तिथे लाकडाला हात लावण्याआधी विचारी, "तुमच्याकडं वारा कुणाला कळतो?" कोष्ट्याचा हात मात्र मागावर पुन्हा नीट बसला नाही.

मळणीला लोक आबांना बोलावत राहिले. आबा खळ्याच्या मधोमध उभे राहून दिशा सांगत, लोक "हो, आबा" म्हणत. पण तिवई मांडण्याआधी प्रत्येक जण मूठभर भूस उचलून वर उधळी आणि ते खरेच कुठे जाते ते स्वतः पाही. त्यातले थोडे दरवेळी आबांच्या खांद्यावर येऊन पडे. आबा ते झटकत नसत.

या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच: सगळ्यांच्या कामात, ज्याला करायचे आहे त्याने जाणत्याला आधी विचारावे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने विचारले जाण्याची वाट पाहू नये.