थोरल्या महाराजांचा निरोप

धनगरांनी नदीकाठचं कुरण सोडावं आणि ते चिदंबरबुवांच्या मठाला द्यावं, असं थोरल्या महाराजांनी सांगितलं. अडचण एवढीच होती, की थोरले महाराज वारल्याला वर्ष उलटून गेलं होतं.

निरोप खुद्द बुवांनीच आणला होता. थोरले महाराज रोज पहाटे येऊन आपल्या कानात बोलतात, असं ते सांगत. राजा शूरपाळ एरवी संशयी आणि महाहट्टी. पण वडिलांवर त्याचा फार जीव होता. ते अजून बोलतात, हे ऐकूनच त्याला बरं वाटे. त्याने धनगरांच्या म्होरक्याला, मायाप्पाला, दरबारात बोलावून घेतलं.

"आबासाहेब बुवांशी बोलत नाहीत, हे आज सूर्यास्तापर्यंत सिद्ध करून दाखवा. नाही जमलं, तर मेंढरं घेऊन राज्याबाहेर निघा."

मायाप्पा डोकं खाजवू लागला. जे दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाही, ते नाही हे दाखवायचं कसं? त्याच्यामागे त्याची सून भिवरा उभी होती. कळपातल्या निम्म्या मेंढ्या गाभण होत्या. आता बाहेर काढल्या तर वाटेतच जायच्या. तिने पदर सावरला आणि ती पुढे झाली.

"महाराज, बोलू का?"

"बोल."

"आज पहाटे थोरले महाराज माझ्याकडंबी आले होते. म्हणाले, बुवांना दिलेला निरोप रद्द. कुरण धनगरांकडंच राहू दे."

मायाप्पाने डोळे मिटून घेतले.

"साफ खोटं!" राजाशेजारी बसलेले बुवा म्हणाले.

"मग ते माझ्याकडं आले नव्हते, हे सिद्ध करा. सूर्यास्ताला अजून वेळ आहे."

"मी कशाला सिद्ध करू? दावा तुझा आहे. पुरावाही तूच द्यायचा."

भिवराने मान डोलावली. "महाराज, बुवांचं बोलणं मला पटलं. पण ही रीत दोघांनाबी लागू धरायची ना?"

राजाने बुवांकडे पाहिलं, मग भिवराकडे. आपला पाय कशात तरी अडकतोय, असं त्याला वाटलं. पण नाही म्हणायला कारण सापडेना.

"धरायची," तो म्हणाला.

"मग कसला पुरावा चालेल, ते बुवांनीच आधी ठरवावं. मागनं तंटा नको."

बुवा हसले. धनगराच्या सुनेला राजवाड्याच्या आतलं काय ठाऊक असणार?

"सोपं आहे," ते म्हणाले. "थोरले महाराज खरंच आले असतील, तर बाप-लेकांखेरीज कुणाला माहीत नाही असं काही सांग. आपल्या महाराजांना ते लहानपणी लाडाने काय म्हणत, ते सांग."

"नाही सांगता आलं तर?"

"तर तू खोटी."

"आणि आज ग्रह बरे नाहीत, दरबारात अश्रद्ध माणसं बसलीत, असं काही म्हटलं तर?"

"असली कुठलीही सबब चालणार नाही," बुवांनी ठणकावलं.

"बरं. दावा आधी बुवांनी केला, तर उत्तरबी आधी त्यांनीच द्यावं. माझ्याकडं थोरले महाराज एकदाच आले. त्यांच्याकडं तर रोजचं येणंजाणं आहे."

बुवांचं हसू मावळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाळराजे," ते अखेर म्हणाले.

"नाही," राजा म्हणाला.

"सोनराजे."

"नाही."

बुवांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "महाराज, देह सुटला की माणसाला संसारातली नावं आठवत नाहीत."

"नाव आठवत नाही," भिवरा म्हणाली, "पण कुरणाच्या चारी हद्दी बरोब्बर आठवतात? पोटच्या पोराचं नाव विसरून मेंढरांची जागा ध्यानात ठेवणारा बाप मी तरी पाहिला नाही, महाराज."

राजाने मान खाली घातली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आबासाहेब तसे नव्हतेच." त्याने मान वर केली. "आता तू सांग. ते मला काय म्हणायचे?"

"मला कुठनं ठाऊक? माझ्याकडं कुणी आलंच नव्हतं."

"म्हणजे भर दरबारात खोटं बोललीस?"

"बोलले, महाराज. बुवांच्या रीतीनं मी खोटी ठरले. आता खोटारड्यांना जिथं बसवाल तिथं बसते. फक्त बुवांनाबी माझ्या शेजारी बसवा."

राजाच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो हसू लागला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला.

"ढेमसं," तो डोळे पुसत म्हणाला. "आबासाहेब मला ढेमसं म्हणायचे."

सगळे दरबारी हसू दाबत जमिनीकडे बघू लागले.

कुरण धनगरांना कायमचं मिळालं. भिवराला राजाने हातात घालायला चांदीचे गोठ दिले आणि वर हुकूम काढला, की यापुढे मेलेल्या माणसाचा निरोप घेऊन जो कुणी दरबारात येईल, त्याला आधी भिवरापुढे उभं करायचं. थोरल्या महाराजांनी त्यानंतर कुणाहाती निरोप धाडला नाही.