दारातली सोंगटी

“पण महाराज, शब्द दिल्यावर ते फिरतात कसे?”

शार्दूलने लॅपटॉप गोसावी महाराजांच्या पुढ्यात सरकवला. नदीकाठच्या या मठाच्या शाळेत तो आणि दिगू एका बाकावर बसून शिकले. आता दोघांनी मिळून एक साधन तयार केलं होतं. संगणकावरच्या लढाईच्या खेळात आठ राज्यं होती, आणि प्रत्येक राज्य एका एआय एजंटच्या हाती. हे साधन मिळालं की ते एजंट एकमेकांना निरोप धाडत, तह करत, एकमेकांच्या मदतीला फौजा पाठवत.

“तह करतात?” महाराजांनी विचारलं.

“झकास करतात. पण विजय हातातोंडाशी आला की शेवटच्या चालीला दोस्ताचाच गळा कापतात.”

“मग?”

“शेवटच्या दहा चालींत तह मोडला तर शिक्षा, असा नियम घातला.”

“मग?”

“आता अकरा चाली उरल्या की मोडतात.”

महाराज पोट धरून हसले. शार्दूलला ते लागलं. प्रश्न विचारायला आला होता खरा, पण त्याला उत्तरापेक्षा कौतुक हवं होतं. तीन वर्षं डोळे फोडून काम केलेल्या माणसाला ते हवंसं वाटणारच.

“शेवटी जिंकतात किती जण?”

“एकच.”

“हा नियम कुणी घातला?”

“...मीच. नाहीतर खेळात मजा काय?”

महाराजांनी दाराकडे पाहिलं.

“दिगू नाही आला?”

“तो...” शार्दूलने लॅपटॉप मिटला. “साधन विकत घेणाऱ्या कंपनीला एकच माणूस हवाय, महाराज. उद्या पुण्यात सह्या. साधन माझ्या एकट्याच्या नावावर जाईल.”

“त्याला ठाऊक आहे?”

“सही झाली की सांगणार आहे.”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं.

“वाईट मलाही वाटतं,” शार्दूल घाईने म्हणाला. “पण अशी संधी पुन्हा नाही यायची.”

“बस कितीची?”

“पाचची.”

“मग एक डाव होईल.”

जेवणं आटोपली की सारीपाट मांडायचा, ही मठाची जुनी रीत. समोरासमोर बसतात ते जोडीदार. दोघांच्या मिळून आठही सोंगट्या घरात पोचल्या, तरच जोडी जिंकते. महाराजांसमोर शार्दूल बसला. उरलेल्या दोन बाजूंना स्वयंपाकी काशिनाथ आणि देवाचे हार करणाऱ्या अनसूयाबाई. अनसूयाबाई देवभोळ्या, पण पटावर बसल्या की देवालाही सोडायच्या नाहीत.

साडेचारच्या सुमाराला महाराजांची शेवटची सोंगटी घराच्या दारात येऊन उभी होती. शार्दूलची एक अजून वाटेत होती आणि काशिनाथची काळी तिच्या मागावर.

महाराजांनी कवड्या टाकल्या. घरात शिरायला हवं तेवढंच दान पडलं.

त्यांनी सोंगटी घरात घातली नाही. खेळात मुभा असते तशी दारावरून पुढे नेली, पुन्हा फेऱ्याला लावली आणि काशिनाथच्या काळीला मारलं.

“अहो महाराज, घरात जात होती की!” शार्दूल ओरडला.

“हं.”

पुढचं दान अनसूयाबाईंचं. त्यांनी आधी महाराजांना नमस्कार केला आणि मग त्यांची सोंगटी मारली.

काशिनाथ गालातल्या गालात हसला. महाराजांनी मेलेली सोंगटी उचलली, धोतराला पुसली आणि पहिल्यापासून चालवायला घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर हळहळ म्हणून नव्हती.

शार्दूलच्या मागे आता कुणीच उरलं नव्हतं. दोन दानांत त्याची सोंगटी घरी पोचली.

“चारही घरात!” त्याने टाळी वाजवली. मग घड्याळ पाहिलं, बॅग खांद्याला लावली आणि उभा राहिला. “निघतो महाराज. माझं झालं.”

अनसूयाबाई आपल्या बांगड्या मागेपुढे करत बसल्या. काशिनाथ पटाकडे बघत राहिला. त्यांच्या जोडीची एकच सोंगटी, महाराजांची पिवळी, अजून पटावर होती आणि तिला सगळा फेरा पुन्हा करायचा होता.

‘माझं झालं.’ बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं.

आपल्या सोंगट्या घरी पोचल्या की आपलं दान जोडीदाराला द्यायचं, हे त्याला या मठातच शिकवलं होतं. दहा वर्षांचा असताना. तेव्हा समोर दिगू बसायचा.

त्याला स्वतःची लाज वाटली. बॅग त्याने खांद्यावरून काढली आणि पुन्हा मांडी घातली. खिशातून फोन काढला.

“महाराज... दिगूला इथंच बोलावून घेतो. सगळं सांगतो त्याला. पाचची बस चुकेल, चुकू दे.”

महाराजांनी कवड्या गोळा केल्या आणि त्याच्या ओंजळीत घातल्या.

“बोलाव. आणि तो येईपर्यंत टाक. माझी एक अजून बाहेर आहे.”