लाभ, दोन, तीन

पूर्वी शिरीषपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे धान्याचे व्यापारी होते. त्यांचं माप इतकं चोख, की दुष्काळ पडल्यावर राजाने त्यांनाच नगरप्रमुख नेमलं. येत्या पौर्णिमेला सभा ते पद कायम करणार होती.

बोधिसत्त्वांनी गल्लोगल्ली फिरून घरं मोजली, चित्रक नावाच्या लेखनिकाने यादी लिहिली, आणि यादीप्रमाणे तळ्याचं पाणी घरोघर मिळू लागलं. सगळं कसं छान चाललं होतं. फक्त उत्पला नावाची एक रंगारीण रोज यायची. घरात सासरा तापाने फणफणलेला आणि पाण्याचा थेंब नाही. पाणीवाला म्हणे, तुमचं घर यादीत नाही. चित्रकाने यादी पाहून सांगितलं, बरोबर, नाहीच. मग मी राहते कुठे, असं तिने विचारलं, तर म्हणाला, तेही यादीत नाही.

सातव्या दिवशी बोधिसत्त्वही वैतागले. बोधिसत्त्व असले तरी सातवा दिवस होता. "चला बाई, तुमच्यासमोर मोजतो," असं म्हणून ते चित्रकाला घेऊन तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले.

आता, धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. त्याने बरकत येते. बोधिसत्त्वांची तीस वर्षांची सवय. त्यांनी उत्पलाच्या दाराकडे बोट केलं.

"लाभ. दोन. तीन."

चित्रकाचा बोरू 'दोन'ला हलला.

"आणि आमचं?" उत्पलाने विचारलं.

"ते नुसतं शुभ म्हणून म्हणतात ना?" चित्रक हळूच म्हणाला. तो दरबारात वाढलेला. बाजारात कधी उभाच राहिला नव्हता.

नगरात एकेचाळीस गल्ल्या होत्या. प्रत्येकीतलं पहिलं घर आठवडाभर तहानलेलं होतं.

बोधिसत्त्वांनी आधी आपल्या घरच्या घागरी उत्पलाकडे पाठवल्या. सभासदांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की चूक लेखनिकाची म्हणा, त्याला काढून टाका, पौर्णिमा परवावर आलीये. चित्रकाच्या तोंडचं पाणी पळालं.

बोधिसत्त्व सभेत उभे राहिले. "मी बोललो तेच त्याने लिहिलं. चूक माझ्या तोंडाची आहे."

त्यांनी सगळी घरं पुन्हा मोजली. दर गल्लीत 'एक' म्हणताना जीभ अडखळली. सभेने पद दुसऱ्याला दिलं. त्या गृहस्थांनी आयुष्यात काहीच मोजलं नव्हतं, त्यामुळे त्यांची मोजणी कधी चुकली नव्हती.

चार दिवसांनी उत्पला दुकानात आली. सासऱ्याचा ताप उतरला होता. पण पाणी गढूळ येतं, म्हणाली. आपण आता नगरप्रमुख नाही, हे बोधिसत्त्वांनी तिला दोनदा सांगून पाहिलं.

"पण तुम्ही ऐकता ना," ती म्हणाली.

बोधिसत्त्वांनी सुस्कारा सोडला, दुकान बंद केलं आणि तिच्यामागून तळ्याकडे निघाले.

ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, तेव्हाचा चित्रक म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, आणि तो व्यापारी मीच. उत्पला कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. ती आमच्याच गल्लीत राहत असावी, असा मला संशय आहे. घरच्यांचं म्हणणं, गल्लीत कशाला शोधतेस, आरशात बघ. असो. या गोष्टीतली पारमी, म्हणजे बोधिसत्त्वांनी पूर्णत्वाला नेलेला गुण, सत्याची.